कोंड्याला ‘वरचं’ म्हणणारी बाई

माझ्या प्रबंधाच्या एकशे बाराव्या पानावर एक तळटीप आहे : ‘माहितगार क्र. ७, स्त्री, वय अंदाजे पस्तीस, दुष्काळी कामावरील मजूर, ध्वनिफीत १४.’ तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमक्या त्या तळटिपेवर बोट ठेवून माझं कौतुक केलं होतं. क्रमांक सातचं नाव भामाबाई. तिच्याविषयी मी आजवर जे काही लिहिलं ते तिच्या शब्दांविषयी लिहिलं. आज तिच्याविषयी लिहितोय, आणि लाज वाटते म्हणून लिहितोय. दुसरं काही उदात्त कारण नाही, उगाच आव आणत नाही.

त्र्याहत्तरचा जानेवारी. सुप्यापासून पाच-सहा मैल आत एका गावाच्या माळावर पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. मी पुण्यात भाषाशास्त्राचा विद्यार्थी, मूळचा पुणतांब्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यात चार वर्षं काढून माझी बोली इतकी घासूनपुसून लख्ख झाली होती, की सुट्टीत घरी गेलो की आई म्हणायची, “राधाकिसन, पावन्यावानी नको बोलू रं.” मला ते ऐकून बरं वाटायचं, यावरून मी कोणत्या मापाचा माणूस होतो ते ओळखा.

आमचे सर मोठे अभ्यासक. भाषा कोशात नसते, माणसांच्या वागण्यात असते, असं ते वर्गात टेबलावर मूठ आपटून सांगायचे. “शब्द विचारू नका. लोकांत जाऊन बसा. कोण कुणाशी कसं बोलतं, कुठं गप्प राहतं ते बघा. शब्द आपोआप येतील.” दुष्काळानं दहा गावांची माणसं एका कामावर आणून टाकली होती, इतकी बोलणारी तोंडं एका जागी पुन्हा कधी मिळायची, असा त्यांचा हिशेब. मला बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर, फितीच्या वीस चकत्या आणि पाच महिन्यांची मुदत मिळाली. शाळेच्या कोपऱ्यातल्या खोलीत मुक्काम टाकला. लोक मला मास्तर म्हणू लागले, कारण शाळेत राहणारा माणूस दुसरा कोण असणार?

भामाबाई मला पहिल्याच आठवड्यात दिसली. दिसली म्हणण्यापेक्षा ऐकू आली. उंच, काळीसावळी, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीचं घमेलं, आणि बोलणं असं की रांगेतल्या पंधरा बायांचा रस्ता त्यावर निघायचा. मुकादमाची चाल, सरकारी सुकडीचा खाऊ वाटणाऱ्या माणसाचं नाकातलं बोलणं, सगळ्यांच्या नकला करायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. दुपारी बाया बाभळीखाली भाकरी सोडायच्या, तेव्हा मी टेपरेकॉर्डरची पेटी घेऊन त्यांच्यात बसायचो. सुरुवातीला त्या पेटीला बिचकल्या. भामाबाईच म्हणाली, “आगं, बोला की. मास्तरांच्या पेटीला बी भूक लागती.”

तिथंच मला पहिलं रत्न सापडलं. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी तांबड्या मिलो ज्वारीच्या पिठाची चर्चा चालली होती. भामाबाई शेजारणीला म्हणाली, “बाई, तू वरचं समदं फेकून दिलं. त्येच कालवलं आसतं तर दोन भाकरी जास्ती झाल्या आसत्या.” वरचं म्हणजे चाळणीवर उरतं ते. कोंडा. मी वहीत लिहिलं : कोंडा या अर्थी ‘वरचं’. मग तशा शब्दांची रांगच लागली. सगळे कोंबड्या कोंडतात, ही झाकते. सगळे रामपारी उठतात, ही झुंजूमुंजू उठते. लोक ‘रामकृष्ण हरी’ म्हणतात, ही नुसतं ‘किस्न हरी’ म्हणते. थकल्यावर तिला आराम नको असायचा, ‘इसावा’ हवा असायचा. महिन्याभरात असे एकवीस शब्द झाले. मी नकाशा काढला, त्या गावाभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला आणि इथे एक स्वतंत्र उपबोली नांदते असं सरांना कळवलं. सरांचं उलट टपाली पत्र आलं, ‘उत्तम! कसून शोध घ्या.’

एका दुपारी मी ऐटीत गोजरबाईला विचारलं. गोजरबाई भामाबाईच्या जोडीला घमेलं उचलणारी, म्हातारपणाकडे झुकलेली, जिभेला हाड नसलेली बाई. “तुमच्याकडे कोंड्याला वरचं का म्हणतात हो?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग जी हसत सुटली, ती ठसका लागेपर्यंत. “आगं बया बया! आवो मास्तर, आमी कोंडाच म्हंतो. समदं गाव कोंडाच म्हंतं. तिच्या मालकाचं नाव कोंडीराम हाय! ती कसा म्हनंल कोंडा? आन् राम तरी कसा म्हनंल?”

बाभळीखाली हशा पिकला. भामाबाई पदरात तोंड घालून हसत होती. मीही हसलो. पण आतून मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा आठवडे या बाईचं बोलणं टिपत होतो, आणि तिच्या नवऱ्याचं नाव काय, तो कुठं आहे, हे एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या वडिलांचं नाव मच्छिंद्र. बाजारात मच्छी आली की आई म्हणायची, “नदीतलं आलंय.” हे ऐकत मी वाढलो होतो, आणि एका बाईच्या घरादाराची लाल पेन्सिलीनं उपबोली केली होती.

सर भेटीला आले तेव्हा मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं झाडतील. ते उलट खूश झाले. “अहो, हे तर त्याहून मोठं आहे! नाव टाळता टाळता एका बाईनं आख्खी भाषा वळवली. पण पुरावा लागेल. तो शब्द तिच्या तोंडी येऊ शकतो आणि ती अडवते, हे दोन्ही फितीवर पाहिजे. एकदा तरी तिच्या तोंडून नाव आलं पाहिजे.” सरांवर ढकलून मी मोकळा होणार नाही. त्यांनी मागितलं. मिळवलं मी.

मी सरळ विचारून बघितलं. तिनं जीभ चावली. “नगं मास्तर. नाव घेतलं की मानसाचं आयुष्य तुटतं.” मी उखाणा घ्यायला सांगितला, उखाण्यात तर चालतं. तेव्हा तिचा चेहरा पडला. “उखाना हौसेचा आसतो. मालक घरात आसलं तर.”

मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. कोंडीराम तीन वर्षांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीबरोबर श्रीरामपूरकडं गेला. टोळी परत आली, तो आला नाही. कुणी म्हणे मनमाडला गाडीत बसताना दिसला, कुणी म्हणे सुरतेला गेला. त्याचा धाकटा भाऊ जालिंदर दीड वर्षापासून मागं लागला होता, दादा गेला असं धरून विधी उरकू. विधी झाला की सात-बाऱ्यावर मयत नोंद, आणि जमीन त्याच्याकडे. गाव कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हतं, पण बाई कुंकू लावतेय, नावाला जपतेय, तोवर तिच्या तोंडावर तिचा नवरा मेला म्हणायची कुणाची छाती नव्हती. तिच्याजवळ नवऱ्याचं दुसरं काही उरलं नव्हतं. न घेतलेलं नाव तेवढं होतं. हे तिनं असं सांगितलं नाही, माझं मला कळलं, आणि कळूनही मी पुढचं केलं.

बोलता बोलता ती थांबली, पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, “मास्तर, ह्यातलं बोलनं कुटं जातं?”

“पुण्याला,” मी म्हणालो.

“रेडू बी पुन्यातनंच बोलतोय न्हवं?”

“हो.”

एवढंच. रेडिओवर जाईल असं मी म्हणालो नाही. जाणार नाही असंही म्हणालो नाही. तिच्या डोळ्यांत काय सुरू झालं ते मला दिसत होतं. पंचायतीच्या रेडिओवर संध्याकाळी शेतकऱ्यांचा कार्यक्रम लागायचा, कधी हरवलेल्या माणसांचे वर्ण सांगायचे. मी गप्प बसलो. गप्प बसण्याकडे लक्ष द्या, असं सर सांगायचे. माझ्या गप्प बसण्याकडे लक्ष द्यायला तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून शाळेत आली. हातपाय धुऊन, धुतलेलं लुगडं नेसून. दाराशी बसली. “आता नाव घेते. त्येंच्या कानावर पडंल आन् येत्याल, तर देव मला माफ करंल.” मी चौदावी चकती चढवली, बटण दाबलं आणि विचारलं, “तुमच्या मालकांचं नाव?”

तिनं पदर तोंडाला लावला, डोळे मिटले. बराच वेळ काही आलं नाही. मग अगदी हळू आवाज आला, “कोंडीराम.” आणि पुन्हा, मोठ्यानं, “कोंडीराम.”

मी बटण बंद केलं. मला हवं ते मिळालं होतं, फीत महाग होती, वाया कशाला घालवायची?

ती मात्र बोलतच राहिली. डोळे मिटलेलेच होते, तिला काय कळणार. कुठं असाल तिथून या, कुणी काही म्हणणार नाही, म्हैस विकावी लागली पण घर उभं आहे, असं काय काय सांगत होती. ओळख पटावी म्हणून कानामागच्या डागाची खूण सांगितली, टोळीवाल्यांना पंढरीची शपथ घालून सांगितलं की दिसले तर निरोप द्या. मी मान हलवत होतो आणि चकतीवर नंबर टाकत होतो. बोलून झाल्यावर तिनं डोळे उघडले, पेटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि गेली.

आठवड्याभरानं गावानं हट्ट धरला, आमचा आवाज आम्हाला ऐकवा. संध्याकाळी मारुतीच्या पारावर पेटी ठेवली. मुकादमाच्या शिव्या, गोजरबाईची ओवी, सगळं वाजत होतं. लोक पोट धरून हसत होते. मला कुणीतरी चहाला म्हणून पलीकडच्या ओट्यावर नेलं. कोणती चकती कुणी चढवली मला माहीत नाही. चहाचा कप हातात असताना एकदम पारावरचा आवाज बंद झाला. आणि मग भामाबाईचा आवाज, पाराच्या दगडांवर आपटून आल्यासारखा मोठा : “कोंडीराम. कोंडीराम.” पुढं खट्ट. पुढं काही नाही.

जालिंदर उठून उभा राहिला. ओरडला नाही, तेच वाईट. “ऐकलं समद्यांनी? वैनीनं नाव घेतलं. जित्या मानसाचं नाव बाई आसं सुट्टं घेती का? तिला बी म्हाईत हाय दादा न्हाई त्ये. उगा आमाला आडवून बसली.”

भामाबाई बायांच्या मागं होती. पुढं आली. म्हणाली, “भावजी, म्या रेडूवर सांगाया घेतलं. म्होरं लई बोलले मी. या म्हनले. कानामागची खून सांगितली. मास्तर, वाजवा की म्होरलं.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कप अजून हातातच. काय सांगणार होतो? पुढचं काही नाही, कारण मला फक्त नाव हवं होतं? मी म्हणालो, “ते दुसऱ्या चकतीवर आहे. पुण्याला पाठवलंय.”

“रेडूवर लागंल न्हवं?” आप्पासाहेबांनी, गावच्या सरपंचांनी विचारलं.

“बघू,” मी म्हणालो.

जालिंदर काही गडबड करणारा माणूस नव्हता. म्हणाला, “ठीक हाय. दोन म्हैने थांबू. रेडूवर आलं तर माझी बी काय ना न्हाई.” चांगलंच वागला म्हणायचा. माझ्यापेक्षा तर नक्कीच.

त्या दिवसापासून भामाबाई रोज संध्याकाळी पंचायतीच्या ओट्याखाली जाऊन बसायची. बाया तिथं बसत नसत. खताचे भाव, किडीवरची औषधं, बातम्या, भजन, सगळं संपून घरघर सुरू होईपर्यंत बसायची. मला वाटेत भेटली की म्हणायची, “आज बी न्हाई लागलं, मास्तर. लई लांबची रांग आसंल, न्हाई?” आणि मी म्हणायचो, असेल. दिवसभर तिचं बोलणं टिपायचो, रेडिओची वेळ झाली की खोलीचं दार लावून घ्यायचो. त्या दिवसांची माझी टिपणं फार सुरेख उतरली आहेत.

कामावर एकदा हळदीकुंकवाचा प्रसंग निघाला. जालिंदरच्या बायकोनं रांगेतल्या प्रत्येकीला कुंकू लावलं आणि करंडा भामाबाईसमोरून पुढं नेला. भामाबाई तशीच कपाळ पुढं करून उभी. गोजरबाईनं तो करंडा हिसकून घेतला, बोट भरून तिच्या कपाळाला लावलं आणि म्हणाली, “रेडू बोलूस्तवर तरी थांबा की गं, भवान्यांनो.” मी दहा पावलांवर होतो. पेटी चालू होती. तो प्रसंग माझ्या चौथ्या प्रकरणात आहे.

दोन महिने संपले. जालिंदरनं नेवाशाला प्रवरेकाठी जाऊन दर्भाचा भाऊ करून जाळला. पंधरा दिवसांत मयत नोंद झाली. भामाबाई गेली नाही, कुंकूही पुसलं नाही. मे महिन्यात मी गाव सोडलं. एस.टी.पर्यंत ती पोचवायला आली, माझी वळकटी डोक्यावर घेऊन. मी नको नको म्हणालो, पण फार जोरानं म्हणालो नाही. “पुन्यात गेल्यावर त्या रेडूवाल्यास्नी याद द्या,” ती म्हणाली.

पुण्यात आकाशवाणीचं केंद्र माझ्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर होतं. महिनाभर सायकलीवरून मान न वळवता गेलो. एकदा थांबलो, कागद काढला, अर्ज लिहायला घेतला. नाव, गाव, वय. खूण. आणि पेन अडलं. कानामागचा डाग, पण उजव्या कानामागं की डाव्या? तिनं सांगितलं होतं. मी तेव्हा चकतीवर नंबर टाकत होतो. प्रबंधातले तीनशे बारा शब्द मला उच्चारासकट पाठ होते, आणि तो एक कान आठवेना. तिला पत्र टाकून विचारता आलं असतं. पण मग विचारावं लागलं असतं, म्हणजे सांगावं लागलं असतं. कागद फाडून टाकला.

पदवी मिळाली. संस्थेतच नोकरी लागली. चौऱ्याहत्तरच्या डिसेंबरात, पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्या गावी गेलो. सगळं कबूल करायचं असं ठरवून गेलो होतो, पुडा कशाला नेला ते विचारू नका.

ती जालिंदरच्या खळ्यावर बाजरी पाखडत होती. पूर्वी जिथं मालकीण म्हणून राबायची, तिथं आता रोजानं. केस पिकले होते. कुंकू तेवढंच, रुपयाएवढं. मला बघून सूप खाली ठेवलं आणि बसायला पोतं झटकलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगून टाकलं, “भामाबाई, ते रेडिओवर कधी जाणारच नव्हतं. मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. मला फक्त तुमच्या तोंडून नाव हवं होतं, माझ्या परीक्षेसाठी.”

तिनं सुपातला खडा वेचून टाकला. मी तिच्या शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या दिल्या असत्या तर सुटलो असतो.

“म्हंजे कुनीच ऐकलं न्हाई व्हय,” ती म्हणाली. मग मान वर करून, “पन माझं बोलनं हाय न्हवं पेटीत? समदं? त्ये म्होरलं, या म्हनल्यालं?”

एवढं सांगायलाच तर आलो होतो. जीभ उचलली सुद्धा. तिनं माझ्याकडे असं बघितलं की...

“आहे,” मी म्हणालो.

“मग जपून ठिवा, मास्तर. म्या आसंन नसंन. कवा आलंच मालक, तर त्येंना ऐकवा. म्हना, बाईनं उगंच नाव न्हाई घेतलं.” आणि सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली. निघताना पेढे तिनं घेतले, त्यातला एक माझ्या हातावर ठेवला.

ध्वनिसंग्रहाच्या कपाटाची किल्ली आता माझ्याकडेच असते. दरवर्षी फिती तपासायच्या असतात, बुरशी लागली का, आवाज बसला का. चौदा नंबरची मी स्वतः तपासतो, दुसऱ्याला देत नाही. काही झालेलं नाही तिला. माझा प्रश्न ऐकू येतो, मग शांतता, मग दोनदा नाव, अगदी स्पष्ट. मग माझ्या बटणाचा आवाज. त्यापुढची फीत मी शेवटापर्यंत चालू ठेवतो. चाळीस मिनिटं लागतात. ती कोरी आहे.